पाऊण तासाची मुंबई

झरीच्या गौराबाईला धाकट्या जावेच्या दुखण्याचा हेवा वाटला. हे तिनं कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण वाटला.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात या जावेच्या, चन्नबसम्माच्या, काळजाची झडप खराब निघाली. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, पण रात्रभर आगगाडीत बसवू नका. मनमाडला गाडी बदलायची दगदग हिला सोसायची नाही. तिचा नवरा बसवंतराव परभणीच्या मोंढ्यात आडत्या. त्यानं जीप केली, औरंगाबाद गाठलं आणि तिथून बायकोला विमानात बसवलं.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभरानं चन्ना घरी आली आणि बघायला गाव लोटलं. तब्येतीचं एका वाक्यात आटपून बायका विचारायच्या, "मुंबई किती टायमात आली गं?"

"पाऊण तासात."

"आगं माय! तेवढ्यात तर आपली येष्टी परभणीला बी पोचत न्हाई!"

चहा गौराबाई करायची. चुलीपाशी बसून तो पाऊण तास दिवसातून दहादा ऐकायची. गर्भपिशवी काढायला तिला शिवाप्पानं, तिच्या नवऱ्यानं, येष्टीच्या मागच्या सीटवर बसवून नेलं होतं. टाके ओले असतानाच तशीच परत आणली होती. तेव्हा बघायला तीन बाया आल्या. प्रवासाचं कुणी विचारलं नाही.

"माझं काळीज बिघडलं असतं, तर नेलं असतं का इमानानं?" तिनं एकदा नवऱ्याला विचारलं.

शिवाप्पा बैलाच्या खुराला औषध लावत होता. "घरापासून औरंगाबादला जीपनं सहा तास लागले त्यांना. ते कुणी सांगंना गेलंय."

हे काही उत्तर नव्हतं.

शेवटी एका दुपारी चन्नाची वेणी घालताना तिनं विचारलंच, "खरं सांग, वरून काय दिसलं?"

"कायबी न्हाई, अक्का. खिडकीपाशीच होते, पण भ्यानं डोळेच उघडले न्हाईत. उतरल्यावर यांनी सांगितलं, पाऊण तास झाला. तेच सगळ्यांला सांगायले."

गौराबाईला हलकं वाटायला हवं होतं. उलट ती तापली. खिडकी मिळून हिनं डोळे मिटले! "मी असते तर पापणी लवू दिली नसती," ती म्हणाली आणि पेड असा ओढला की चन्ना कळवळली.

"पुढच्या तपासणीला तुमी चला संगट," डोकं चोळत चन्ना म्हणाली. "मी यांना सांगते."

गौराबाईनं वर्षभर वाट बघितली. ट्रंकेतलं इरकल लुगडं दोनदा काढून उन्हात घातलं. पण तपासणीची वेळ आली तोवर चन्ना ठणठणीत झाली होती. आता आगगाडीनं नेलं तरी चालेल, डॉक्टर म्हणाले.

मनमाडच्या फलाटावर चन्ना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन भराभर पुढं चालली होती. तिला तसं बघून गौराबाईला बरं वाटलं. आणि ही अजून थोडी आजारी राहिली असती तर, असंही मनात आलं. तिनं जीभ चावली, चार पावलं पळत जाऊन चन्नाला गाठलं आणि तिच्या हातातली जड पिशवी ओढून घेतली.