वायफायची कडी

आमच्या घरात आतून कडी लावायची पद्धत नाही. भूकंपाच्या त्या पहाटे मी कॉलेजातला पोरगा होतो. लातूरच्या आमच्या घराची कडी ऐन वेळी अडकली आणि सगळं कुटुंब तिच्यापाशी गर्दी करून उभं राहिलं. (ती उघडली, म्हणून हे लिहितोय.) तेव्हापासून आईचा हुकूम: "पळायचं झालं की कडीपाशीच जीव अडकतो. लावायची न्हाई."

पुढे गल्लीत क्लास आले, क्लासमागे होस्टेलं आली आणि आमच्याकडे वायफाय आलं. पासवर्ड म्हणजे काय, असं आईने विचारलं. मी म्हणालो, "कडीच की." ती म्हणाली, "मग लावू नको." मी लावली नाही.

समोर मुलींचं होस्टेल. हळूहळू जळकोटच्या, निलंग्याच्या पोरी मोबाइल घेऊन आमच्या ओट्यावर बसू लागल्या. मला वाटायचं, आपल्या ओट्यावर अभ्यास चांगला होत असावा! आई त्यांना माठातलं पाणी द्यायची आणि गावाकडची विचारपूस करायची.

मग आमच्या मुलीची, ऋतुजाची, क्लासची चाचणी आली. वरच्या बॅचमध्ये जायचं तर ती घरूनच, ऑनलाइन द्यायची होती. तिसऱ्या प्रश्नाला पडद्यावर चक्र फिरू लागलं, ते फिरतच राहिलं. क्लासवाल्यांनी दुपारी आणखी एकदा बसू देतो म्हटलं. तेवढंच, पुन्हा नाही.

मी ओट्याकडे पाहिलं आणि पेटलो. आईच्या नकळत वायफायला कडी लावली. गर्दी पांगली. जळकोटची शिवानी जाता जाता म्हणाली, "काका, कडी लावली का तुम्ही?" मी कुंड्यांना पाणी घालू लागलो. (कुंड्यांत रोपं नव्हती.)

दुपारी चाचणी सुरू झाली. चक्रही सुरू झालं.

ऋतुजा ताडकन उठली. लॅपटॉप काखेत मारून थेट समोरच्या होस्टेलवर गेली. शिवानीने आपल्या मोबाइलचं नेट तिला जोडून दिलं आणि पेपर संपेपर्यंत स्वतः मोबाइलला हात लावला नाही.

परत येऊन पोरीने माझा कॉम्प्युटर उघडला. आईसाठी मी त्यावर नेटवरून जुन्या कव्वाल्या उतरवून घेत होतो. तो प्रोग्रॅम उतरलेल्या कव्वाल्या जगभर वाटतही बसतो, हे मला कुठे ठाऊक!

"बाबा, ओट्यावरच्या पोरी काय मोजता? तुमचा हा एकटा कॉम्प्युटर शेकडो ठिकाणी जोडून राहिलाय. ॲडमिशनच्या दिवसांत क्लासच्या खिडकीत एकच माणूस बसतो ना, तसं झालंय राउटरचं. सगळ्यांना तोंड देता देता माझा नंबर येईना."

मी कव्वाल्या बंद केल्या. कडी काढायला उठलो, तेवढ्यात माठापाशी बसलेल्या आईने विचारलं, "पोरी पाण्याला आल्या न्हाईत आज. कडी लावलास का?"

"लावली होती. चोर आत येऊ नये म्हणून."

"मग?"

"चोर आतच होता, आई. तोच कडी लावत होता."