न केलेल्या खुनाची कबुली

तो कबुलीजबाब मला अजून शब्दन् शब्द आठवतो. साठ सालानंतरची गोष्ट. पनवेल पोलीस ठाण्यात तेव्हा मी एकटीच बाई पोलीस. सकाळची हजेरी चालू असताना एक टांगेवाला आत आला. "बाई, माझ्या टांग्यात एक म्हातारा आहे. वाटभर म्हणतोय, बायकोला मारली."

म्हातारा जासईकडचा, मिठागरात राबलेला. तोंड किंचित वाकडं, उजवा हात लुळा. अंगावरून वारं गेलेलं दिसतच होतं.

"मना फाशी द्या," तो म्हणाला. "मी तिला होडीतून खाडीत ढकलली."

"कधी?"

"काल."

"भांडण कशावरून?"

"आठवत नाय."

मी त्याला चहा दिला. रिकामा कप खाली ठेवून पाच मिनिटं झाली नाहीत तोच त्यानं विचारलं, "बाय, चाय मिलंल का?" मी लिहिणं थांबवलं आणि शिपायाला सायकलवरून त्याच्या गावी पिटाळलं.

दुपारी शिपायाबरोबर सून आली, घामाघूम. "आबा! सगला गाव पालथा घातला मी, नि तुमी इथं चाय पिताव!"

सुनेनं सगळं सांगितलं. सासू वर्षापूर्वी तापानं गेली होती. शिपायानं पोलीस पाटलाच्या वहीत मृत्यूची नोंदही पाहिली होती. म्हाताऱ्याला झटका आला तो त्याआधी. तेव्हापासून नवं काही त्याच्या ध्यानात राहत नव्हतं; रोज रोज घडे तेवढंच कुठंतरी मुरे.

"मग त्यांना सांगत का नाही?"

"पयले सांगायचो. दर टायमाला आताच मेली असं रडायचे. बगवत नाय, बाई. मंग आमी इषयच बंद केला. इचारलं का मान खाली घालतो."

मी म्हाताऱ्याकडे वळले. "तुम्हीच मारली, हे कशावरून?"

"तिचा नाव काढला का सगली गप. कोनी माज्याकडं बगत नाय. मंग मीच काय तरी केला असंल."

गप्प बसणाऱ्यावर संशय घ्यायला आम्हाला शिकवतात. हा न शिकताच तिथं पोचला होता. घरच्यांनी मायेनं धरलेलं मौन त्यानं पुरावा मानलं आणि उरलेला गुन्हा स्वतःच जुळवला.

मी सरळ सांगितलं, "त्यांना ताप आला होता. घरातच गेल्या, सुनेच्या मांडीवर. तुम्ही जवळ होता."

तो खूप रडला. मग म्हणाला, "म्हंजी मी नाय मारली?"

"नाही."

"बरा झाला," म्हणाला, आणि पुन्हा रडू लागला.

सून हळूच म्हणाली, "उद्या परत इसरतील."

"उद्या परत सांगा."

"परत रडतील."

"रडू देत. बायको गेलेला माणूस रडणारच. खुनी म्हणून जगण्यापेक्षा ते बरं."

पुढे नोकरीत मयताची बातमी घेऊन मी कितीतरी घरांत गेले. आजारी माणसाला सांगू नका, असं कुणी म्हणालं की मी एकच विचारत असे, "मग तो स्वतःला काय सांगेल?"