दादा आणि मेन स्विच

परवा लॅपटॉपवर सूचना आली. सुरक्षेच्या चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिच्यातला प्रोग्रॅम, अपडेट होणार आहे, पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नका. मुलगी शेजारी चहा पीत होती. म्हणाली, "आई, एवढं काय टक लावून बघतेस? ते आपलं आपण होतं." झालंही, तिचा चहा संपायच्या आत. पण पडद्यावर ती अपडेटची पट्टी सरकत होती तोवर माझी नजर सारखी भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे. लॅपटॉपला बॅटरी असते हे मला कळतं, पण नजर काही ऐकत नाही.

हे दुखणं एकोणीसशे नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यातलं आहे. देवळाली प्रवरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. दोन मशीन. एक जुनाट, नुसतं टायपिंगपुरतं, आणि एक नवं पेंटियम, ज्यावर खरं शिकवणं चालायचं. सात मुली यायच्या. सगळ्या मला मॅडम म्हणायच्या आणि मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांची उभी हयात साखर कारखान्याच्या वीजघरात गेली. शाळा चौथीपर्यंत, पण बल्बकडे नुसतं बघून व्होल्टेज सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक नोकरी आपणहून धरली होती, माझ्या मशीनची राखण. व्हरांड्यात मेन स्विचखाली खुर्ची टाकून बसायचे. लाईट जराशी डीम-फूल व्हायला लागली की उठून खटका खाली. मग आत डोकावून म्हणायचे, "बाळ, लाईटीचं खरं न्हाई, जरा दम खा." तेवढ्यात माझं टाईप केलेलं पान उडालेलं असायचं. मी कुरकुरायचे. पण आजूबाजूच्या किती घरांतले टीव्ही जळले, माझं मशीन कधी जळलं नाही.

त्या वर्षी जो तो दोन हजार सालाच्या धास्तीत होता. मी नव्या मशीनची तारीख पुढे ढकलून पाहिली, तर ते थेट एकोणीसशे सालात जाऊन बसलं! ज्यांनी मशीन जोडून दिलं ते नगरचे इंजिनियर म्हणाले, बोर्डावरच्या बायॉस चिपमधला प्रोग्रॅम बदलावा लागेल. मशीन उठल्या उठल्या पहिलं काय करायचं ते त्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. त्यांनी फ्लॉपी दिली आणि बजावलं, "दोन-तीन मिनिटांचं काम आहे. पण मध्ये लाईट गेली तर चिप मेली, आणि चिप मेली की मशीन मेलं." आई म्हणाली, "चालतंय तर चालू दे की, हात दाखवून अवलक्षण कशाला?" पण मी कुणाचं ऐकणारी नव्हते.

तयारी मात्र लग्नघरासारखी केली. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली, म्हणून वायरमनला गाठून विचारलं, आज कुठे दुरुस्तीला लाईन बंद ठेवणार का. शेजारच्या गिरणीवाल्यांना हात जोडले, दहा वाजता पाच मिनिटं गिरणी थांबवा. मुलींना त्या दिवशी येऊ नका म्हणून निरोप दिले. आईला मिक्सर लावू दिला नाही. आणि मग दार आतून लावून फ्लॉपी घातली.

दादांना सांगायचं राहिलं. मुद्दाम नाही. त्यांना काय सांगायचं असतं, असं मनात कुठेतरी असणार.

काळ्या पडद्यावर पांढरे ठोकळे एकामागून एक उमटत होते. अर्ध्याच्या पुढे गेले असतील, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला. कुठून दाब कमी झाला कोण जाणे, गिरणी तर बंदच होती. बल्ब लालसर झाला. मी म्हटलं, थांब, थांब, एवढं होऊ दे. आणि व्हरांड्यातून खटक्याचा आवाज आला.

पडदा काळा झाला. मी धावत जाऊन खटका वर केला, मशीन चालू केलं. आतला पंखा फिरला, बाकी काही नाही, एरवी येणारी टुक्‌सुद्धा नाही. दादा दारात येऊन म्हणाले, "लई डीम झाल्ती बाळ, म्हनून वडला." आणि मी ओरडले. गिरणीवाले बाहेर येऊन बघायला लागले इतक्या मोठ्यानं ओरडले. "तुम्हाला यातलं काही कळत नाही, तर हात कशाला लावता?"

उभी हयात विजेत घालवलेल्या माणसाला मी हे म्हणाले. दादा खुर्ची उचलून परसात घेऊन गेले.

एसटीडी बूथवरून इंजिनियरांना फोन केला. ते म्हणाले, एकच उपाय आहे. अगदी असाच बोर्ड असलेलं दुसरं मशीन चालू करायचं, चालू असतानाच त्यातली चिप उपटायची, मेलेली तिथे बसवायची आणि पुन्हा प्रोग्रॅम भरायचा. असा बोर्ड त्यांनी कोल्हारच्या एका क्लासला दिला होता. पण हात चुकला तर त्यांचंही मशीन जाईल, असंही ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चिप चांदीच्या कागदात गुंडाळून मी निघाले, तर दादा धुवट सदरा घालून दारात उभे. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. एसटीत ती पुडी त्यांनी मागून घेतली आणि कोल्हार येईपर्यंत तळहातावर धरून बसले.

कोल्हारचे सर भले माणूस, पण ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, मशीन चालू असताना चिप काढायची? माझं बी बसलं म्हंजी? माझ्याकं तरी दुसरं कुठं हाय?" त्यांचं काय चुकलं? तेव्हा दादा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, पोरीची चूक न्हाई. तिनं समदं बराबर केल्तं. मशीन म्या बिघडावलं. मला त्यातलं काय कळत न्हाई."

माझेच शब्द, जसेच्या तसे. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की नाही सर, चूक माझी, गावाला सांगितलं आणि ह्यांनाच सांगितलं नाही. म्हटलं नाही. कारणही सांगते, सर तयार होत आलेत हे मला दिसत होतं. मी ते होऊ दिलं.

सरांनी मशीन चालू केलं आणि बारीक स्क्रूड्रायव्हरनं स्वतःची चिप अलगद उचलली. पडदा तसाच होता. मी आमची चिप दाबून बसवली. ठोकळे उमटत गेले, शेवटपर्यंत. मग बंद करून त्यांची चिप परत लावली, तर त्यांचं मशीन टुक्‌ करून उठलं. सरांनी कपाळाचा घाम पुसला आणि पोऱ्याला हाक न मारता स्वतः जाऊन तीन चहा घेऊन आले. दादा सगळा वेळ बाहेर पायरीवर बसून होते.

संध्याकाळी आमचं मशीनही उठलं. तारीख पुढे ढकलली तर दोन हजार साल दाखवलं. आईनं शेवया केल्या. दादांनी दोनदा मागून घेतल्या, तेव्हा मला वाटलं, मिटलं सगळं. खुर्चीही व्हरांड्यात परत आली.

आठेक दिवसांनी क्लास भरलेला होता. बल्ब लालसर झाला, पंखा मंदावला. मी खटक्याची वाट बघत होते. खटका पडेना. मी मान वळवली तर दादा मेनजवळ उभे, हात अर्धा वर उचललेला, आणि तिथूनच त्यांनी विचारलं,

"मॅडम, बंद करू का?"

मुली खुदखुदल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. दादा गंमत करत नव्हते. ते हात तसाच धरून माझ्या हुकमाची वाट बघत होते.

मी म्हणाले, "करा."

पंखा थांबला, खोली शांत झाली. दादा, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. त्या शांततेत ते व्हरांड्यापर्यंत सहज ऐकू गेलं असतं. पण समोर सात मुली बसल्या होत्या आणि मी त्यांची मॅडम होते. मी म्हटलं, "चला, दहा मिनिटं सुट्टी."