टर्रफुसची परीक्षा

माझा धाकटा भाऊ झुलाल विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खायचा. मोठा आवाज करून लगेच बंद पडणाऱ्या इंजिनाला त्यानं नाव ठेवलं टर्रफुस. हा शब्द हां हां म्हणता चाळीसगावच्या बाजारापर्यंत पोचला. एसटी टर्रफुस, पुढाऱ्याचं भाषण टर्रफुस. शेजारच्या छगनचा जावई तर मांडवातच टर्रफुस ठरला.

मग एकोणनव्वद साली पुण्याहून शब्दकोशाचे एक सर आले, नवे शब्द गोळा करत. झुलालनं आपला शब्द पुढं केला, तर म्हणाले, "तुम्ही सांगून चालणार नाही. लोकांच्या तोंडून आपोआप ऐकू आला, तरच घेऊ."

सातवी नापास माणूस, पण आपला एक शब्द पुस्तकात छापून यावा म्हणून त्याचा जीव टांगणीला! त्यानं सरांना आमच्या ओट्यावर बसवलं. तिथं गाव जमलंच होतं.

पण पाहुणा शिकलेला म्हटल्यावर आमचं गाव गेलं सोवळ्यात! बेबाबाई एरवी सासूलासुद्धा टर्रफुस म्हणते. ती रेडिओवरच्या बाईसारखी बोलली, "आपले आगमन झाले, आनंद वाटला."

सरांनी विचारलं, "इंजिन बंद पडलं की काय म्हणता?"

छगन छाती काढून म्हणाला, "यंत्र नादुरुस्त झाले, असे म्हणतो."

झुलाल त्याला कच्चा खाणार होता. शेवटी त्यानं एक बिघडलेलं इंजिन ओट्यासमोर ओढत आणलं नि हँडल मारलं. मेलं पहिल्या झटक्यात चालू! बंदच पडेना. सर कानांवर हात ठेवून उठले, पिशवी उचलली. झुलाल तिथंच फतकल मारून रडायला लागला.

बेबाबाईची शुद्ध भाषा गेली चुलीत. हात नाचवत ओरडली, "आरे, रडस काय? तुना बठ्ठा कार्यक्रम टर्रफुस व्हई गया!"

छगन खो खो हसला, "कार्यक्रम काय, हाऊ झुलाल सोता टर्रफुस शे!"

सरांनी पिशवी खाली ठेवली आणि पेन काढलं.

"आखो म्हना, आखो एकदा म्हना!" झुलाल नाक पुसत नाचायला लागला.

पाच वर्षांनी कोश छापून आला. त्यात टर्रफुस आहे, आणि समोर उदाहरण दिलंय, 'झुलाल टर्रफुस आहे.' मी कपाळाला हात लावला. हा येडा मात्र ते पान गावभर दाखवत फिरला, नि वर मलाच विचारतो, "अक्का, तुनं नाव शे का कोनता पुस्तकमा?"