मागच्या दारचा हप्ता

कस्तुराबाईच्या घरून विम्याचे दोन हप्ते जात. एक पुढच्या दारानं, एक मागच्या. रामकिशन एजंट दर महिन्याला जळकोटहून मोटारसायकलवर वाडीत येई. व्यंकटराव ओसरीवर बसून आपल्या पॉलिसीचा हप्ता देत आणि पावती खिशात घालून शेताकडं निघत. ते गेले की रामकिशन घराला वळसा घालून मागच्या परड्यात येई. तिथं कस्तुराबाई पदराची गाठ सोडून अंडी विकून जमवलेले पैसे त्याच्या हातावर ठेवी. हा हप्ता दीपमालाचा.

दीपमाला त्यांची एकुलती लेक. ती लहान असताना व्यंकटरावांनीच हौसेनं तिच्या नावे पॉलिसी काढली होती. पुढं नांदेडला कॉलेजात असताना तिनं धम्मानंदशी लग्न केलं. जात आडवी आली. ती आपल्याला मेली, असं सांगून व्यंकटरावांनी घरात तिचं नाव घेणं बंद केलं, आणि हप्ताही बंद करायला सांगितला. कस्तुराबाईनं मान डोलावली. परड्यात मात्र ती रामकिशनला म्हणाली, "भाऊ, जित्या लेकीचा इमा कसा बंद करू?"

तेव्हापासून ते नाव फक्त परड्यात निघे. कस्तुराबाईला वाचता येत होतं, तरी पावती ती रामकिशनकडूनच वाचून घेई. दुसऱ्या कुणाच्या तोंडून लेकीचं नाव ऐकायला मिळे, ते तेवढंच.

यंदा पॉलिसीची मुदत भरली. पैशासाठी दीपमालाची सही लागणार, हे कळल्यावर कस्तुराबाईला धीर निघेना. सहीसाठी तिनं इथंच यावं, असा निरोप तिनं धाडला. रामकिशननं नांदेडच्या ओळखीच्या माणसाकडून दीपमालाचा नंबर मिळवून निरोप पोचवलाही.

पुढच्या खेपेला तो परड्यात आला, पण बसला नाही. दीपमालानं नांदेडच्याच शाखेत सही केली होती आणि पैसे तिच्या खात्यावर जमा झाले होते. इथवर यायची गरजच पडली नव्हती.

"काय म्हणली?"

"इतके दिवस हप्ते कोन भरले, म्हून इचारलं. म्या तुमचं नाव सांगितलं, वैनी."

कस्तुराबाईनं नंबर मागून घेतला. रामकिशन गेला. त्याला मागच्या दारी यायला आता काही कारण उरलं नव्हतं.

व्यंकटराव शेतात गेल्यावर एका दुपारी तिनं फोन लावला. पलीकडून लहान लेकराचा आवाज आला, "कोण बोलतंय?" आजी हा शब्द स्वतःसाठी कस्तुराबाईनं कधी उच्चारलाच नव्हता. तेवढ्यात मागून कुणी विचारलं, "कोणाचा फोन आहे?" आवाज थोडा जड झाला होता, पण होता दीपमालाचाच. कस्तुराबाई श्वास रोखून ऐकत राहिली. कुणी बोलतच नाही, असं म्हणून लेकरानं फोन ठेवून दिला.

सांजच्याला जेवण वाढताना ती म्हणाली, "दीपमालाला लेकरू हाय."

व्यंकटरावांचा हात ताटातच थांबला. ते उठून जातील, असं तिला वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "पोरगं का पोरगी?"

"आवाजावरनं कळलं न्हाई. मला बोलताच आलं न्हाई."

व्यंकटरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ते तो तसाच हातात धरून बसले.