गुण्याबाहेरची फरशी

माझं ब्लाउज शिवायचं दुकान लोणावळ्याच्या बाजारात, मशिदीच्या गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक शटर, दोन मशिनी आणि मी. गिऱ्हाईक फोनवर पत्ता विचारतं तेव्हा मी दुकानाचं नाव सांगायच्या भानगडीत पडत नाही. ‘मशिदीपाशी उतरा’ एवढंच सांगते. जीपवाले, रिक्षावाले, भुशी धरणाला निघून बाजारात हरवलेले पर्यटक, सगळ्यांचा थांबा तोच.

या मशिदीचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला मी तरी पाहिला नाही. जो आहे तो तोंडोतोंडी, आणि दर तोंडाला वेगळा. मशिदीची देखभाल करणारे चाचा माझ्याकडे पडदे आणि चादरी शिवायला आणतात आणि माझी मशीन चालू असताना सांगत बसतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आधी इथे नुसतं पत्र्याचं छप्पर होतं. घाटात रेल्वेच्या कामाला आलेली आणि मग इथेच राहिलेली माणसं त्याखाली नमाज पढायची. पुढे पाववाल्यांचा, फळवाल्यांचा जम बसला आणि दगडी भिंती उठल्या. जागा दोन गल्ल्यांच्या बेचक्यात उरलेली, म्हणून भिंती गल्ल्यांना धरून गेल्या. मिनार त्यानंतरचा. जमीन मात्र बराच काळ मुरमाचीच होती. लोणावळ्याचा पाऊस ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. चटयांना बुरशी यायची आणि सुकवायला ऊन मिळायचं नाही. शेवटी शहाबादी फरशी घालायचं ठरलं.

ती फरशी माझ्या वडिलांनी घातली. हा इतिहास चाचांना ठाऊक नव्हता, कारण तो आमच्या घरचा होता, आणि आमच्या घरी तो कुणी अभिमानाने सांगत नसे.

आबा तिकोणा पेठेचे, गवंडी. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली आणि आबांनी थापी. घरात दोन गोष्टींना मान होता, बुद्धाच्या तसबिरीला आणि आबांच्या गुण्याला. गुण्या म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन. कोपऱ्याला लावला की काम सरळ की वाकडं ते लगेच कळतं. ‘गुण्यात हाय’ हे आबांच्या तोंडचं सगळ्यात मोठं कौतुक. माझ्यासाठी स्थळ बघून आले तेव्हा आईला एवढंच म्हणाले होते, “पोरगा गुण्यात हाय.” ‘गुण्यागोविंदाने नांदा’ हा आशीर्वाद गवंड्यांनीच काढला असणार, असं ते अजूनही ठामपणे सांगतात.

तर मशिदीत त्यांनी रीतीप्रमाणे भिंतीला गुण्या लावून काम सुरू केलं. दोन-तीन ओळी बसल्या आणि तिथले एक बुजुर्ग आले. त्यांनी एका कोपऱ्यात खिळा ठोकला, दोरी बांधली आणि ती पार तिरकी ओढत समोरच्या भिंतीला नेऊन लावली. फरशी या दोरीला धरून घाला, म्हणाले. नमाजाला उभं राहायचं ते काब्याकडे तोंड करून. भिंती गल्लीकडे बघतात त्याला इलाज नाही, पण ओळी तरी नीट हव्यात. आणि दर ओळीला काळ्या कडाप्प्याची पट्टी घाला.

आबांना बोलणं कळलं, पण डोळ्यांना पटलं नाही. बसवलेली फरशी त्यांनी उखडली आणि पुढचं सगळं काम तोंड वाकडं करून पुरं केलं. भिंतीकडेला तिकोनी तुकडे कापताना हात सोलवटले ते वेगळंच. काम संपत आलं तसा एक बंगलेवाला त्यांच्या हातचं काम बघायला आला आणि त्या तिरक्या पट्ट्या बघून दारातूनच माघारी फिरला. बंगल्याचं काम दुसऱ्या गवंड्याला गेलं. आबांच्या मनाने घेतलं की जन्मात एकच काम वाकडं झालं, आणि तेही भर बाजारात.

ते मशिदीत पुन्हा फिरकले नाहीत. आम्ही पवनानगरला राहायला गेलो. लोणावळ्याला येताना जीप मशिदीपाशी थांबली की आबा पलीकडच्या चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसायचे. आईच्या हाती मात्र आयतं कोलीत मिळालं होतं. भाऊ जेवताना तिरका बसला की ती म्हणायची, “नीट बस, मशिदीच्या फरशीवानी बसू नगंस.” हट्टाला पेटलेली मी, भावाचा वाकडा भांग, दर बोलण्याला फाटे फोडणारे काका, ही सगळी तिच्या लेखी मशिदीची फरशी. आम्ही खदाखदा हसायचो आणि आबा खाली मान घालून जेवायचे.

शिवणकाम शिकले तेव्हा मला उरेब कळलं. गळ्याची पट्टी कापडातून तिरकी, उरेबच कापावी लागते. सरळ कापली तर गळा बसत नाही. मी उत्साहाने हे आबांना सांगायला गेले.

“तुजं कापड हाय, माजा दगुड,” ते म्हणाले. विषय संपला.

यंदा पावसाळा सरल्यावर चाचा एक पडदा घेऊन आले आणि बोलता बोलता म्हणाले, “बेटा, आता फरशी काढतोय. संगमरवर बसवायचा आहे.”

माझा पाय मशीनवरच थांबला. फरशी गेली की आबांच्या मनात ती कायमची वाकडीच राहणार होती. त्यांनी तिच्यावर उभी राहिलेली नमाजाची एक ओळदेखील कधी पाहिली नव्हती. मला एकदम फार वाईट वाटलं. फरशी कुणाच्या हातची ते मी चाचांना पहिल्यांदाच सांगितलं. ते पडद्याचं माप विसरून माझ्याकडे बघत राहिले.

“मग शुक्रवारी आणा ना त्यांना! गालिचे गुंडाळून ठेवलेत, फरशी मोकळी आहे. तिच्यावरचा शेवटचा जुम्मा आहे.”

आबांना आणणं सोपं नव्हतं. “माजी फजिती मलाच दावाया नेतीस व्हय?” म्हणाले. मी आवाज चढवला, त्यांनी माझ्यापेक्षा चढवला. शेवटी आईच आतून ओरडली, “जावा की! वाकडी का व्हईना, तुमचीच हाय ती.” इतक्या वर्षांत त्या फरशीच्या बाजूने आई पहिल्यांदाच बोलली असेल.

शुक्रवारी चाचांनी मागच्या दाराशी आबांसाठी प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. मी बाहेर, चपलांच्या फळीशेजारच्या खिडकीपाशी उभी राहिले. आत अजून कुणी नव्हतं. काळ्या पट्ट्या या भिंतीकडून त्या कोपऱ्याकडे तिरक्या गेलेल्या स्पष्ट दिसत होत्या. आबांनी एकदा बघितलं आणि मान फिरवली. गुडघ्यांवर हात ठेवून ते उठायलाच लागले होते, तेवढ्यात माणसं यायला लागली.

पाववाला आला, रिक्षावाले आले, पंक्चरवाला आला, माझ्या शेजारचा घड्याळवाला आला. जो येई तो काळ्या पट्टीवर टाचा टेकवून खांद्याला खांदा लावून उभा राही. कुणाला जागा दाखवावी लागत नव्हती. एक ओळ भरली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. आणि ती जागा सरळ झाली. मला याला दुसरा शब्द सापडत नाही. सगळी माणसं एका दिशेला नीट उभी होती आणि चारी भिंतीच भलतीकडे चालल्या होत्या. आबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा उजवा हात वर आला, अंगठा आणि बोट ताणून त्यांनी हवेतच गुण्या धरला. आधी ओळींना लावला आणि मग भिंतीला.

नमाज झाल्यावर चाचा त्यांच्याजवळ आले. आबा म्हणाले, “फरशी गुण्यात हाय. भिंती चुकल्यात तुमच्या.”

चाचा पोट धरून हसले. “आबा, भिंती तेवढ्या सांभाळून घ्या. संगमरवर तुमच्याच ओळींनी बसणार आहे. तुम्हाला आठवण म्हणून एखादी फरशी देऊ का?”

“आन् बसवू कुटं? आमच्या घराच्या भिंती सरळ हायत.”

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. येताना जीप सुटेपर्यंत आबा खिडकीतून मशिदीकडे बघत होते. चिक्कीची एकही पाटी त्यांनी वाचली नाही.

घरी पोचलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. “कशी हाय?” तिने विचारलं.

“सरळ हाय. भिंती तिरक्या हायत,” आबा म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान डोलावली.

आबांनी हात धुतले, जेवायची खुर्ची भिंतीपासून ओढली, चांगली तिरकी केली आणि ऐटीत बसले. आईच्या ओठांवर तिचं ठरलेलं वाक्य आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं. समोरचं स्टूलही खुर्चीसारखंच तिरकं करून घेतलं, आणि त्यावर त्यांचं ताट ठेवलं.