नापास बोअरवाले भास्करकाका

भास्करकाकांनी माझा हात एका बंद बोअरच्या लोखंडी झाकणावर दाबला, त्या सकाळी माझी सगळी मस्ती उतरली.

जानेवारी होता. गवतावर दव. आणि झाकण गरम!

"काका, करंट उतरलाय का यात?"

"करंट नाय रे येड्या. खालचं पाणी हाय. तुझा आजा जन्मायच्या आधी पाऊस म्हणून पडलेलं."

मी हात काढलाच नाही.

बोईसरकडच्या माहीमच्या भास्करकाकांनी आयुष्यभर बोअर मारले. सातिवलीच्या गरम कुंडांच्या आजूबाजूला एखाद्या बोअरला कढत पाणी लागलं की शेतकरी कपाळावर हात मारायचा. बोअर फेल. झाकण ठोका, पुढे चला.

बाकीचे विसरले. काकांना असे सात बोअर पाठ होते. कागदावर काही नाही.

खरं सांगतो, कॉलेज अर्ध्यात सोडून मी त्यांच्यामागे फिरायचो ते तेजलसाठी. त्यांची मुलगी.

काका तिच्यासमोरच बोलले, "ह्याला जमिनीखालच्यात इंटरेस्ट नाय. ह्याचा इंटरेस्ट आपल्या ओट्यावर हाय."

ती हसली. मी दोन दिवस जेवलो नाही.

पण त्या झाकणानंतर मी खरंच जमिनीसाठी जायला लागलो, एकेक झाकण पाठ करत. भाताच्या खाचरात उभं राहायचं आणि विचार करायचा, आपल्या पायाखाली केवढं काय तापतंय!

"तिकडं तारापूरला पाणी तापवायला अणू फोडतात," काका म्हणायचे. "हितं तापलेलंच हाय. देशभर पाहण्या झाल्या, अहवाल झाले. ह्या गरम पाण्यावर चालणारं मोठं वीजकेंद्र एक नाय. पण येतील रे कोणीतरी."

आले, काका. पाहणीवाले उद्या येतायत. जुने गरम बोअर दाखवणारा माणूस पाहिजे म्हणाले.

आणि तुम्ही काल गेलात.

आज सकाळी तेजलचा फोन आला. रडून आवाज बसलेला. "तू दाखवशील ना? नाहीतर बाबांबरोबर सगळंच गेलं रे."

काका, निवांत जा. सातही झाकणं दाखवतो. तुमचं नाव सांगून दाखवतो.

दुपारी बोईसरला, मी कामाला होतो त्या कंपनीत सुट्टी मागायला गेलो. सुपरवायझर म्हणाला, "कल नहीं आया तो परसों भी मत आना. वो बुड्ढा तेरा लगता कौन था?"

एरवी कॉलर धरली असती.

पण खरंच, कोण लागत होते ते माझे?

गेटपास त्याच्या टेबलावर ठेवला. केबिनच्या बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.